अभ्यासक्रमात कोणाचे घर? दिल्ली कॉलेज, उस्मानिया आणि मिलिंद

कॉलेजचा अभ्यासक्रम कोण बनवते, हे आपल्या समाजात सहसा कोणी विचारत नाही. मुलगा पास झाला का, कोणत्या साइडला गेला, फी किती, एवढ्यावर आपली चौकशी संपते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. आमची मुले दहावी होतात आणि अकरावीच्या वर्गात जाऊन बसतात, तेव्हा त्यांच्याबरोबर एक अख्खी शब्दसंपत्ती वर्गाबाहेर राहते. दहा वर्षे ज्याला त्यांनी ‘शुमार कुनिंदा’ म्हटले तो शेजारच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाचा ‘अंश’ असतो, ‘नसब नुमा’ हा त्याचा ‘छेद’ असतो, आणि फळ्यावर तिसरेच इंग्रजी शब्द लिहिलेले असतात. मुलगी हुशार असते, अपूर्णांक तिला येतात, पण पहिले तीन महिने ती गप्प बसते. अभ्यासक्रम बनवणाऱ्यांनी ही मुलगी डोळ्यांसमोर ठेवली होती का? हा प्रश्न नवा नाही. आपल्या देशात निदान पावणेदोनशे वर्षे तो वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला गेला आहे आणि त्याची काही उत्तरे आजही उपयोगी पडतील अशी आहेत.

सुरुवात दिल्लीपासून केली पाहिजे. गाजीउद्दीनच्या जुन्या मदरशाच्या जागी १८२५ साली दिल्ली कॉलेज उभे राहिले. तिथे इंग्रजी विभाग होता आणि पौर्वात्य विभागही होता. या दुसऱ्या विभागात गणित, भूगोल, पदार्थविज्ञान हे नवे विषय उर्दूतून शिकवले जात. पुस्तके नव्हतीच, म्हणून १८४० च्या दशकात भाषांतराची सोसायटी काढावी लागली आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून भाषांतरे केली. नजीर अहमद, जकाउल्ला, मुहम्मद हुसेन आजाद ही पुढे उर्दू साहित्यात आणि शिक्षणात गाजलेली मंडळी याच कॉलेजचे विद्यार्थी. जकाउल्लांनी तर पुढे आयुष्यभर उर्दूत गणिताची पुस्तके लिहिली.

पण या कॉलेजमधला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे मास्टर रामचंद्र (१८२१-१८८०). हे तिथे गणित शिकवत. १८५० साली त्यांनी कलकत्त्याला एक पुस्तक छापून घेतले. विषय असा की एखाद्या राशीची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान किंमत कशी काढायची. युरोपात हे काम कलनशास्त्राने होई. रामचंद्रांनी ते नुसत्या बीजगणिताने करून दाखवले. कारण साधे होते. कलन आपल्या मुलांना परके आहे, पण बीजगणित आपल्या मातीत मुरलेले आहे, तेव्हा ओळखीच्या दाराने आत जाऊ. कलकत्त्यात पुस्तकावर टीका झाली. लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गन या मोठ्या गणितज्ञाच्या हाती ते पडले तेव्हा त्याने त्याचे मोल ओळखले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकरवी १८५९ मध्ये ते लंडनहून पुन्हा प्रसिद्ध करवले. पुस्तक इंग्रजीत होते हे खरे. परंतु शिकणाऱ्याला आधीपासून काय येते, तिथून आरंभ करायचा, ही बी.एड.च्या वर्गात आम्हाला परदेशी नावांनिशी शिकवलेली गोष्ट दिल्लीच्या एका शिक्षकाने १८५० मध्ये करून ठेवली होती. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव नव्हते, हेही सांगून टाकते.

१८५७ च्या धामधुमीत दिल्ली कॉलेज लुटले गेले. पुढे ते पुन्हा सुरू झाले खरे, पण १८७७ मध्ये कायमचे बंद पडले. या कॉलेजचा इतिहास पुढे ज्यांनी लिहिला ते मौलवी अब्दुल हक त्या वेळी आपल्या औरंगाबादेत राहत होते. पुस्तकाचे नाव ‘मरहूम दिल्ली कॉलेज’. मरहूम म्हणजे कैलासवासी. कॉलेजला माणसासारखे मरहूम म्हणणारा हा गृहस्थ शाळा-तपासनीस म्हणून मराठवाड्यात आलेला होता. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे औरंगाबादेतून चालवला. ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ पासून इथूनच निघाले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे ते प्रिन्सिपॉलही होते. मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना त्यांना एखाद्या ओळीत उरकले जाते. उर्दूवाले त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून डोक्यावर घेतात, पण ते मराठी मुलखात राहून हे काम करत होते ही गोष्ट विसरतात.

आता हैदराबाद. १९१७ मध्ये अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांच्यापुढे एक योजना ठेवली. परक्या भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची सगळी ताकद भाषा समजण्यातच खर्च होते, विषयापर्यंत तो पोचत नाही, असा तिचा सारांश. त्याच वर्षी फर्मान निघाले, १९१८ मध्ये सनद मिळाली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. माध्यम उर्दू, इंग्रजी मात्र सर्वांना सक्तीचा विषय. आधुनिक पद्धतीचे संपूर्ण विद्यापीठ एका हिंदुस्थानी भाषेतून चालवायचे, वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा, हे धाडस तोपर्यंत कोणी केले नव्हते.

विद्यापीठ उघडण्याआधी दारुल-तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, उघडला गेला. त्याचे पहिले प्रमुख अब्दुल हकच. ‘उमराव जान अदा’चे लेखक मिर्झा हादी रुस्वा तिथे नोकरीला होते, पुढे जोश मलिहाबादीही आले. शेकडो पुस्तके उर्दूत उतरवली गेली. परिभाषेसाठी मजलिस बसे. त्या मजलिसीत विषयाचे जाणकारही असत आणि भाषेचे जाणकारही, आणि एकेका शब्दावर वाद होत. काहींचे म्हणणे, शब्द अरबी धातूंपासून घडवावेत. वहिदुद्दीन सलीम यांना ते पटत नसे. उर्दूची घडण आर्य भाषेची आहे, तेव्हा फारसी आणि हिंदी उपसर्ग-प्रत्यय लावून, जोडशब्द करून, बोलणाऱ्याच्या जिभेवर बसतील असे शब्द घडवावेत, असे त्यांचे मत होते. १९२१ मध्ये त्यांनी यावर ‘वज-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तकच लिहिले.

प्रत्यक्षात सरशी बरीचशी अरबीची झाली. त्याचे फळ आजही माझ्या वर्गात दिसते. समभुज त्रिकोणाला आम्ही ‘मुसावी-उल-अजला मुसल्लस’ म्हणतो. प्रकाशसंश्लेषण म्हणजे ‘जियाई तालीफ’. गुरुत्वाकर्षण म्हणजे ‘कशिश-ए-सिक्ल’. घरी आमची मुले दखनी बोलतात, ‘मेरेकू नक्को’ म्हणतात, बाजारात मराठी बोलतात. त्यांना ‘मुसावी-उल-अजला’ तितकेच अनोळखी असते जितके शेजारच्या शाळेतल्या शेतकऱ्याच्या मुलाला ‘प्रकाशसंश्लेषण’. मातृभाषेतून शिक्षण म्हणता म्हणता आपण दोघांनीही मुलांच्या पाठीवर एकेक अभिजात भाषा लादली. त्यांनी संस्कृत, आम्ही अरबी. सलीमसाहेबांचे ऐकले असते तर बरे झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण उस्मानियाची याहून मोठी अडचण दुसरीच होती. हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे पाव हिश्शाच्या आसपास, कन्नड आणि उर्दू बोलणारे साधारण दहा-बारा टक्के. ज्या विद्यापीठाचा पायाच मुळी ‘परक्या भाषेचे ओझे नको’ या विचारावर घातला होता, त्याने बहुसंख्य रयतेवर दुसरी परकी भाषा ठेवली. परभणीच्या मराठी मुलाला प्राथमिक शाळा मराठीत, पण पुढे उर्दू आणि कॉलेजात तर उर्दूच. हैदरीसाहेबांची दलील इंग्रजीविरुद्ध जितकी खरी होती तितकीच ती या मुलाच्या बाबतीत उर्दूविरुद्धही खरी होती. आपल्याकडे उस्मानियाबद्दल बोलताना डोळे पाणावतात, आणि त्यात वावगे काही नाही, परंतु हा हिशेब कोणी मांडत नाही. मांडणारे भेटतात ते दुसऱ्या बाजूचे, आणि ते दारुल-तर्जुमाचे नावही काढत नाहीत.

उर्दू तरी कोणाची होती? मराठवाड्यातला मुसलमान शेतकरी, पिंजारी, बागवान लखनौची उर्दू कुठे बोलत होता? प्राध्यापकांत उत्तरेकडचे पुष्कळ, त्यावरून मुल्की आणि गैरमुल्की असा वाद संस्थानात कायम धुमसत असे. दखनीला विद्येच्या प्रांगणात मान मिळवून दिला तो याच विद्यापीठात शिकलेल्या मोहिउद्दीन कादरी जोर यांच्यासारख्यांनी. अब्दुल हकांनीही वजहीचे ‘सबरस’ १९३२ मध्ये संपादून छापले. म्हणजे घरची भाषा अभ्यासक्रमात आली ती जुन्या साहित्याच्या रूपाने. गणित-विज्ञानाच्या पुस्तकात ती आली नाही.

आणखी एक गोष्ट. निजाम कॉलेज त्याच शहरात होते, इंग्रजी माध्यमाचे, आणि ते १९४७ पर्यंत मद्रास विद्यापीठाला जोडलेले राहिले. ज्यांना इंग्रजीच हवी होती त्यांच्यासाठी दार उघडे होते. मातृभाषेचा आग्रह दुसऱ्यांच्या मुलांसाठी धरायचा, ही रीत तेव्हापासूनची असावी.

उस्मानियात मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात आणि इतरांना अखलाकियात, म्हणजे नीतिशास्त्र, असा विषय ठेवलेला होता. योजना करणाऱ्यांच्या मते हा इतरांचा मान राखणेच होते. मराठीचा विभागही होता आणि डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखे व्यासंगी प्राध्यापक तिथे मराठी शिकवत. पण पाहुण्याला बसायला खुर्ची देणे वेगळे आणि घरात त्याचा हिस्सा मानणे वेगळे. १९३८ मध्ये वसतिगृहांतल्या हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम’ म्हणायला सुरुवात केली, त्यावर बंदी आली, आणि औरंगाबादच्या कॉलेजपासून हैदराबादपर्यंत विद्यार्थी बाहेर पडले. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. त्या गीताबद्दल आपल्या समाजाच्या भावना काय आहेत हे मला ठाऊक आहे, आणि त्या वादात मला इथे शिरायचे नाही. शिक्षिका म्हणून मला दिसते ते एवढेच की वीस वर्षे एका छपराखाली राहूनही त्या मुलांना हे विद्यापीठ आपले वाटले नाही. मराठवाड्यात त्याआधीपासूनच हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा मराठी शाळा लोकांनी पदरमोड करून चालवल्या होत्या. स्वामी रामानंद तीर्थ दोन्ही ठिकाणी शिकवत होते. ज्यांना अभ्यासक्रमात घर मिळाले नाही त्यांनी वेगळे घर बांधले.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि थोड्याच काळात उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. एक अन्याय दूर करायचा होता हे मान्य. परंतु उर्दूच्या जागी तेलुगू, मराठी, कन्नड आल्या नाहीत. इंग्रजी आली. ज्या ओझ्यातून सुटका म्हणून हा सारा खटाटोप झाला होता तेच ओझे परत सगळ्यांच्या पाठीवर समसमान वाटले गेले. तीस वर्षांची परिभाषा, पुस्तके, शिकवण्याचा अनुभव बाजूला पडला. त्यातले चांगले काय आणि वाईट काय हे कोणी निवडून ठेवले नाही. तरी त्या काळात मराठवाड्यात मुरलेली उर्दू-फारसी अगदीच वाया गेली नाही. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उलगडला आणि उर्दू शायरांची ओळख मराठीत करून दिली.

उस्मानियाच्या फर्मानाच्या एक वर्ष आधी, १९१६ मध्ये, पुण्याजवळ हिंगण्याला धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले होते. तिथेही माध्यम मातृभाषा. तिथेही अभ्यासक्रम विद्यार्थिनी समोर ठेवून केलेला, आरोग्यशास्त्र आणि गृहव्यवस्था त्यात घातलेली, पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. बाईचे आयुष्य घरातच जाणार हे गृहीत धरून केलेला अभ्यासक्रम तिला आत घेतो आणि तिथेच बसवून ठेवतो, असे म्हणता येईल. मी तसे म्हणेनही. पण १९१६ मध्ये दुसऱ्या कोणत्या विद्यापीठाने विधवेला समोर ठेवून काहीच केले नव्हते, हेही तितकेच खरे. सरकारने या विद्यापीठाला कायद्याची मान्यता दिली ती १९५१ मध्ये. पस्तीस वर्षे या मुली सरकारदरबारी मान्यता नसलेल्या पदव्या घेत राहिल्या.

याच सुमारास औरंगाबादेत तिसरा प्रयोग झाला, आणि तो मला सर्वांत शहाणा वाटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, त्याचे वर्ग सकाळी भरत. कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करणारे होते. वेळापत्रकाला आपण अभ्यासक्रमाचा भाग मानत नाही. पण गिरणीत किंवा कचेरीत कामाला जाणाऱ्या मुलाला, वर्ग किती वाजता भरतो यावरच ठरते की हे कॉलेज त्याचे आहे की नाही. १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज निघाले, तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. नागसेन भिक्खूला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा हा ग्रीक राजा. कॉलेजला उत्तर देणाऱ्याचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचे दिले, ही गोष्ट मला फार आवडते.

मिलिंदचा पाठ्यक्रम इतर कॉलेजांसारखाच विद्यापीठाने ठरवलेला होता. फरक होता वसतिगृहात, ग्रंथालयात, आणि शिक्षक मुलाकडे कोणत्या नजरेने पाहतो त्यात. तिथून म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्या भोवती लिहिणाऱ्या मुलांची पिढी उभी राहिली, ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ निघाले. काही वर्षांनी त्याच मुलांची पुस्तके विद्यापीठांच्या मराठीच्या अभ्यासक्रमात आली. म्हणजे आधी विद्यार्थ्याला घर मिळाले, नंतर त्याच्या लेखनाला. आपण उलटे करू पाहतो. आधी अभ्यासक्रमात आपला एखादा कवी घाला म्हणून निवेदन देतो, आणि वर्गात बसलेल्या आपल्या मुलीला प्रश्न विचारायची हिंमत होते का, हे पाहत नाही.

निवेदनाबद्दलही थोडे. १९९० साल हे मराठी मुसलमानांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे. त्या वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, जे मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते आणि महानुभाव वाङ्मयाचे अधिकारी अभ्यासक. एकीकडे वेगळे दालन, एकीकडे मुख्य दिवाणखाना, आणि दोन्हीकडे आपण. अभ्यासक्रमात मात्र मला वेगळे दालन पुरेसे वाटत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांचा ‘योगसंग्राम’ आहे, त्यांना ‘मुसलमान संतकवी’ अशा एका प्रकरणात पाच जणांबरोबर बसवून मोकळे होतात. रा. चिं. ढेऱ्यांनी १९६७ मध्ये त्या कवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले त्याला कारण होते, कारण तोवर त्यांच्याकडे कोणी नीट पाहिले नव्हते. पण आज शेख महंमद एकनाथ-तुकारामांच्या मधल्या काळात, त्यांच्याच रांगेत शिकवले गेले पाहिजेत. अमर शेखांचेही तेच. त्यांना संयुक्त महाराष्ट्राच्या धड्यात घ्या, आमच्या कोपऱ्यात नको.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याची शिफारस झाली आहे. चांगलेच आहे. मात्र महाराष्ट्रात ती अमलात येईल तेव्हा ‘मातृभाषा’ म्हणजे कोणाची, हा हैदराबादचा प्रश्न परत उभा राहील, फक्त या वेळी बाके बदललेली असतील. तेव्हा उर्दू शाळेतून आलेली मुलगी परभणीच्या त्या मराठी मुलाच्या जागी बसेल.

मला कोणी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा गणिताचा अभ्यासक्रम करायला सांगितला तर मी बीबी का मकबऱ्यापासून आरंभ करीन. त्याच्या दरवाज्यावर दोन नावे कोरलेली आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. हाच अताउल्ला म्हणजे शाहजहानच्या काळात भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे फारसीत भाषांतर करणारा अताउल्ला रशीदी, असे अभ्यासक मानतात. भास्कराच्या ‘लीलावती’चे फारसी भाषांतर तर त्याआधी अकबराच्या दरबारात फैजीने केले होते. त्यानंतर मास्टर रामचंद्रांची दोन-चार उदाहरणे, बीजगणिताने सोडवलेली, आणि मग कलन. आणि पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता, तीन रकान्यांचा. अंश, शुमार कुनिंदा आणि त्याचा इंग्रजी शब्द. छेद, नसब नुमा आणि त्याचा इंग्रजी शब्द. तिन्ही देवनागरीत आणि तिन्ही उर्दू लिपीत. उस्मानियाच्या मजलिसीने असल्या शब्दांसाठी वर्षे घालवली. तक्ता करायला आपल्याला उन्हाळ्याची एक सुट्टी पुरेल. पहिले दोनशे शब्द मी या मे महिन्यात उतरवून ठेवले आहेत, भूमितीचे बाकी आहेत.